बाजार लाईन आणि चारचाकी

तालुक्याच्या बाजार लाईनीत दिवसा चारचाकी बंद करावी का, यावर हल्ली पानठेल्यावरही तावातावानं बोललं जातं. दुकानदारांचं म्हणणं एकच: गाडी दारात थांबली नाही तर गिऱ्हाईक सरळ जिल्ह्याला जाईल. ही भीती जुनी आहे. १९६२ साली कोपनहेगनने स्ट्रॉएट हा बाजाराचा रस्ता मोटारींना बंद केला, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनीही धंदा बसणार म्हणून ओरड केली होती. धंदा बसला नाही, आणि रस्ता कायमचा पायी चालणाऱ्यांचा झाला.

१९७५ मध्ये सिंगापूरने बंदीऐवजी पैसे लावले. सकाळच्या गर्दीत शहराच्या मध्यभागी मोटार न्यायची तर दिवसाला ३ डॉलर. चार माणसं बसलेल्या मोटारीला मात्र माफी होती, आणि सुरुवातीला मालाच्या गाड्यांनाही. लंडनने २००३ पासून ५ पौंड घेतले, ते पैसे वाहतुकीवरच खर्च करण्याचं बंधन घालून.

मला सगळ्यात पटतं ते स्टॉकहोमचं. २००६ च्या जानेवारीत तिथे सात महिन्यांपुरता कर लावून पाहिला. मध्यभागात येणारी-जाणारी वाहनं सुमारे २० टक्क्यांनी घटली, तिथला गाड्यांचा धूरही कमी झाला. आधी कराच्या विरोधात असलेल्या शहराने सप्टेंबरमध्ये मतदान करून थोड्या फरकाने का होईना, होकार दिला. पण जादा बस त्यांनी आदल्या ऑगस्टपासूनच सोडल्या होत्या. आधी बस, मग कर.

आमच्या लाईनीत धूर नुसत्या कारचा नाही. काळीपिवळी, ट्रॅक्टर, दुचाक्या सगळ्यांचा आहे. बाजाराच्या दिवशी सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या घेऊन बसलेली बाई उभ्या जीपच्या चाकाला टेकून विकते, सायलेन्सर तिच्या तोंडाशी. तिच्यासाठी तरी लाईन मोकळी व्हावी, असं मला मनापासून वाटतं. पण कृषी केंद्रंही त्याच लाईनीत आहेत. मृगात डीएपी खताचं ५० किलोचं पोतं स्टँडपर्यंत खांद्यावर कोण नेणार? दिल्लीच्या चांदनी चौकात २०२१ पासून लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद या पट्ट्यात सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्या बंद असतात, पण सायकलरिक्षा चालतात. आपल्याकडे पोत्यासाठी बैलबंडी आणि हातगाडीला मुभा ठेवावी, आणि बंदीचा बोर्ड लागण्याआधी खेड्यांवरून येणाऱ्या एसटीच्या फेऱ्या वाढवून घ्याव्यात.