वाहिनी निर्जीव, तरी संदेश जिवंत

उच्चदाब वीजवाहिनीवरून जाणारे संदेश विजेच्याच जोरावर धावतात, त्यामुळे ग्रिड, म्हणजे विजेचे जोडलेले जाळे, कोसळले की उपकेंद्रांचा आपसातील संपर्कही त्याच क्षणी तुटतो, हा समज वर्षानुवर्षे सांगितला जातो. तो चुकीचा आहे. वीज 50 हर्ट्झची, तर हे वाहक संदेश साधारणतः 40 ते 500 किलोहर्ट्झचे असतात. तार त्यांना केवळ वाट देते आणि संदेश पाठवणारे यंत्र उपकेंद्रातील 48 व्होल्टच्या बॅटरीवर चालते. मनोऱ्यांच्या माथ्यावरील, आकाशातल्या विजेपासून वाहिनीचे रक्षण करणाऱ्या भूतारेतल्या ऑप्टिकल फायबरलाही वाहिनीतील विजेची गरज नसते.

खरी चिंता आहे ती बॅटरीची, कारण चार्जर बंद राहिला की ती काही तासांत उतरते. 30 आणि 31 जुलै 2012 रोजी देशाच्या मोठ्या भागातील ग्रिड कोसळले, तेव्हा पुरवठा त्याच दिवशी बऱ्याच अंशी परतला होता; मात्र चक्रीवादळाने मनोरेच आडवे केले तर अंधार कित्येक दिवस लांबतो. जलविद्युत केंद्रापासून टप्प्याटप्प्याने पुरवठा उभा करताना ग्रिडचे नियंत्रण करणाऱ्या भार प्रेषण केंद्राचा प्रत्येक आदेश पोहोचावाच लागतो, आणि तोवर मोबाइल मनोऱ्यांच्या बॅटऱ्याही संपलेल्या असू शकतात. म्हणूनच डिझेल जनित्राइतकाच त्याचा इंधनसाठा, उपग्रह दूरध्वनी आणि बॅटरीची प्रत्यक्ष भारावर घेतलेली नियमित चाचणी मला अत्यावश्यक वाटते.