आवृत्तीचं गणित कसं बदललं

डिजिटल तंत्राने छापील पुस्तकाला गाठलं ते ई-बुकच्या रूपाने, असा एक सरसकट समज आहे. प्रत्यक्षात ते कितीतरी आधी छापखान्यात शिरलं होतं, वाचकाला पत्ताही न लागता.

१८८६ मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यून या वृत्तपत्रात लायनोटाइप हे अक्षरजुळणीचं यंत्र आलं. तेव्हापासून कित्येक दशकं ओळी तापल्या शिशातून ओतल्या जात. एक अक्षर चुकलं तरी अख्खी ओळ नव्याने ओतायची. त्यामुळे शेवटच्या प्रुफात लेखकाने केलेले फेरफार म्हणजे छापखान्याची डोकेदुखी. १९८५ मध्ये पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर, पोस्टस्क्रिप्ट ही पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी संगणकभाषा आणि अॅपलचा लेझर प्रिंटर एकत्र आले आणि पान टेबलावरच लागू लागलं. शिशाच्या जुळणीचं कसब आधीच मावळतीला लागलं होतं, ते आता जवळपास संपलंच.

छपाईचा हिशेब मात्र जुनाच राहिला. ऑफसेट छपाईत मजकुराची धातूची प्लेट यंत्रावर चढवा, शाई जुळेपर्यंत ताव वाया घालवा. हा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच पाच हजारांना. म्हणून प्रकाशक खप कळण्याआधीच हजारोंनी छापणार, उरलेल्या प्रती आधी गोदामात आणि मग रद्दीत. प्रकाशन हा अंदाजपंचे धंदा झाला तो बराचसा या प्लेटमुळे.

१९९० मध्ये झेरॉक्सचं डॉक्युटेक हे छपाईयंत्र आलं: प्लेट नाही, फाइलवरून थेट छपाई. १९९७ मध्ये इन्ग्रॅम या बड्या वितरकाने लायटनिंग प्रिंट ही छपाईसेवा सुरू केली. मागणी आली की छापायचं, मग ती एका प्रतीची का असेना. प्रत महाग पडते, रंगीत चित्रांना ऑफसेटची सर नाही. पण साठाच नसल्याने पैसा अडकत नाही. माझ्या मते खरी उलथापालथ ही.

गाजावाजा झाला तो २००७ च्या किंडलचा, म्हणजे अॅमेझॉनच्या ई-बुक वाचायच्या उपकरणाचा. त्या लाटेत छापील पुस्तकाचे मृत्युलेखही लिहून झाले. कोशांपुरते ते खरे ठरले: ब्रिटानिकाने २०१२ मध्ये, २४४ वर्षांनंतर, छापील आवृत्ती थांबवत असल्याचं जाहीर केलं. कथा-कादंबऱ्या कागदावर टिकल्या.

लेखकांच्या करारात मात्र नवाच पेच आला. पुस्तक बाजारात मिळेनासं झालं की हक्क लेखकाकडे परत, असं कलम अनेक करारांत असे. आता फाइल सर्व्हरवर असते, म्हणजे पुस्तक कागदोपत्री कायमच उपलब्ध. वर्षाला दोन प्रती खपल्या तरी प्रकाशक हक्क सोडायला बांधील नाही. म्हणून जाणते लेखक खपाचा किमान आकडाच करारात घालून घेतात.