‘हळवी आहे’ म्हणून सोडून देऊ नका

माझी भाची घणसोलीला नोकरी करते. संध्याकाळी ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला उतरते आणि स्टेशनचा पूल चढता चढताच, तिच्याच शब्दांत, ‘डोकं भरून जातं’. अनाउन्समेंट, अंगावर आदळणाऱ्या सॅक, कुणाच्या तरी मोबाईलवरचं गाणं, घामाचा वास. नौपाड्यात घरी पोचावं तर टीव्हीवर मालिका मोठ्ठ्याने चालू आणि कुकरची शिट्टी. मग ती कुणाशी न बोलता आतल्या खोलीत जाते आणि दिवा न लावता पंधरा मिनिटं बसते. घरच्यांना वाटायचं, ही रोज रुसते तरी कशावर? आजीचं ठरलेलं उत्तर, ‘लहानपणापासून हळवीच आहे ती.’

हा शब्द मला अपुरा वाटतो. हळवं म्हटलं की पटकन डोळ्यांत पाणी येणारं माणूस डोळ्यांपुढे येतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलेन ॲरन आणि त्यांचे पती आर्थर ॲरन यांनी १९९७ साली ज्या अतिसंवेदनशील स्वभावाची २७ प्रश्नांची मोजपट्टी मांडली, त्यात रडू येणं ही फार छोटी गोष्ट आहे. अशा माणसाचे कान-डोळे इतरांहून तीक्ष्ण असतात असं नाही. आत आलेली माहिती त्याचा मेंदू जास्त खोलवर तपासतो. बारीक फरक टिपतो, समोरच्याचा उतरलेला चेहरा ओळखतो, आणि एवढं काम केल्यावर लवकर थकतो.

हा आजार नाही, लाजाळूपणाही नाही. ॲरन यांच्या अंदाजाने अशा माणसांपैकी साधारण ३० टक्के चांगली बोलकी, माणसांत रमणारी असतात. २०१८ च्या एका अभ्यासात सुमारे ३१ टक्के लोक जास्त संवेदनशील, ४० टक्के मध्यम आणि २९ टक्के कमी संवेदनशील आढळले. म्हणजे तुमच्या इमारतीत अशी माणसं नक्की आहेत. ब्रिटनमधल्या जुळ्या मुलांच्या अभ्यासात, माणसामाणसांत दिसणाऱ्या या फरकाचा जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक निघाला.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो २०१५ साली प्रसिद्ध झालेला लंडनमधला एक प्रयोग. गरीब वस्तीतल्या शाळेत अकरा वर्षांच्या आसपासच्या मुलींना मन सावरायला शिकवणारे वर्ग घेतले गेले. कमी संवेदनशील मुलींवर त्यांचा फरक दिसला नाही. जास्त संवेदनशील मुलींमध्ये मात्र नैराश्याची लक्षणं कमी झाली आणि वर्षभरानंतरही तो फायदा टिकून होता. ज्या मुलींना आपण ‘फार मनाला लावून घेते’ म्हणतो, त्या चांगली गोष्टही तितकीच मनाला लावून घेतात! वाईट परिस्थितीचा त्रास त्यांना जास्त होतो आणि आधाराचा लाभही जास्त होतो. म्हणून ‘मन घट्ट कर’ असं सांगत बसण्यापेक्षा भोवतालचं थोडं बदलावं, असं मला मनापासून वाटतं.

भोवताल म्हणजे आपल्याकडे आधी आवाज. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दहा डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दसपट होते, त्यामुळे ६५ म्हणजे ‘जरासं जास्त’ नव्हे. ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकरांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ध्वनिप्रदूषणाविरुद्ध ठाम निकाल दिला. शांतता मागणाऱ्याला कुणी नाजूक म्हणू नये.

घरातले उपाय साधेच आहेत. भाची आता शक्य तेव्हा एक गाडी सोडून पुढची पकडते, कानात फोमचे बोळे घालते. रविवारी सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारते, एकटीच. लग्नसमारंभाला जाते, पण मध्येच हॉलबाहेर दहा मिनिटं उभी राहते आणि तसं आधी सांगून ठेवते. सांगून ठेवल्याने निम्मा ताण जातो, असं ती म्हणते. झोप मात्र ती कशासाठीही मोडत नाही.

एक काळजी घ्यावी. झोप उडाली, धडधड होऊ लागली, कामावर जाणंच नको झालं, तर ‘माझा स्वभावच असा’ म्हणून अंगावर काढू नये. ती चिंताविकाराची किंवा नैराश्याची लक्षणं असू शकतात. डॉक्टरांना भेटावं, किंवा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करावा.

घरी आता भाचीच्या पंधरा मिनिटांना कुणी हटकत नाही. आणि टीव्हीचं म्हणाल, तर आजी बोलताना प्रत्येक वेळी उजवा कान पुढे करते हे भाचीनेच आधी हेरलं. बाकी आम्ही सगळे रोज समोर बसून जेवत होतो. आजीला डाव्या कानाने फारच कमी ऐकू येत होतं. यंत्र बसवलं, आणि पस्तीसवर असलेला टीव्हीचा आवाज चौदावर आला.