दुरुस्तीच्या ऑपरेशनला येताना पहिल्या ऑपरेशनचे कागद आणा
स्तनांची कॉस्मेटिक शस्त्रक्रिया मनासारखी झाली नसेल, तर काय करता येतं: आमच्या क्लिनिकचं माहितीपत्रक

"ऑपरेशन झालं, पण आकार हवा तसा आला नाही. आता दुरुस्त होईल का?" हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणी मोबाइलमध्ये फोटो आणतात, खूप वाचूनही येतात. फक्त पहिल्या ऑपरेशनचे कागद घरी राहतात. मग पहिली भेट अंदाज बांधण्यात जाते आणि तोच विषय घेऊन पुन्हा यावं लागतं. तुमची ती फेरी वाचावी म्हणून हे पत्रक लिहिलं आहे.

कोणते कागद?

डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. त्यावर साधारणपणे ऑपरेशनचं नाव, तारीख आणि औषधं एवढंच असतं. आम्हाला हवी असते ऑपरेशन नोट, म्हणजे सर्जनने ऑपरेशननंतर लिहिलेली नोंद. छेद कुठून घेतला, इम्प्लान्ट (स्तनात बसवायची कृत्रिम पिशवी) स्नायूच्या वर ठेवलं की खाली, स्तन लहान केले असतील तर स्तनाग्राला रक्त पुरवणारा भाग कोणत्या बाजूने राखला, हे तिच्यात असतं. ही नोट रुग्णाच्या हातात क्वचितच दिली जाते. ती रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात असते आणि अर्ज केला की तिची प्रत मिळते.

दुसरा कागद म्हणजे इम्प्लान्टचा स्टिकर. इम्प्लान्टच्या खोक्यात एकाच स्टिकरच्या अनेक प्रती असतात. त्यातला एक रुग्णालयाच्या फाइलमध्ये चिकटवतात आणि एक तुम्हाला दिलेल्या छोट्या कार्डावर. त्यावर कंपनीचं नाव, आरईएफ म्हणजे मॉडेल नंबर, एलओटी म्हणजे बॅच, एसएन म्हणजे त्या एका नगाचा क्रमांक आणि सीसीमध्ये आकारमान असतं. डाव्या-उजव्या बाजूचे दोन्ही स्टिकर हवेत, कारण मुळातला फरक झाकण्यासाठी दोन बाजूंना मुद्दाम वेगवेगळी मापं बसवलेली असू शकतात. स्टिकरवर वाळूच्या घड्याळाच्या खुणेपुढे एक तारीख दिसेल. ती उलटून गेली की इम्प्लान्ट "एक्स्पायर" झालं असं समजून अनेक जणी घाबरतात. ती तारीख बंद खोक्यातल्या निर्जंतुकतेची आहे. शरीरात बसवलेल्या इम्प्लान्टशी तिचा संबंध नाही.

"माझं बी कपचं डी कप केलं" एवढ्यावरून आम्हाला काही ठरवता येत नाही. कप हे ब्रेसियरचं माप आहे आणि ते कंपनीगणिक बदलतं. 300 सीसीचं इम्प्लान्ट रुंद छातीवर बेताचं दिसतं, तर अरुंद छातीवर चांगलंच मोठं.

कागद नसले तर काय बिघडतं?

समजा, एकाच बाजूचं इम्प्लान्ट बदलायचं आहे. दुसऱ्या बाजूचं मॉडेल माहीत नसेल तर जोडी जुळवणार कशी? बऱ्याच इम्प्लान्टच्या मागच्या बाजूला आकडा छापलेला असतो, पण तो आत गेल्यावरच वाचता येतो. म्हणून वेगवेगळ्या मापांची इम्प्लान्ट हाताशी ठेवून ऑपरेशन सुरू करावं लागतं. त्यात भुलेचा वेळ वाढतो.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. जुलै 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीने बायोसेल या खडबडीत पृष्ठभागाची इम्प्लान्ट जगभरातून परत मागवली. इम्प्लान्टभोवती होणारा एक दुर्मीळ लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग), बीआयए-एएलसीएल, त्यांच्याशी जोडला गेला होता. त्याआधी 2010 मध्ये फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीची इम्प्लान्ट बंद झाली, कारण त्यांत वैद्यकीय दर्जाचं नसलेलं सिलिकॉन भरल्याचं उघड झालं. तुमची इम्प्लान्ट यांपैकी आहेत का, हे तपासून किंवा सोनोग्राफी करून खात्रीने सांगता येत नाही. स्टिकरवरून लगेच कळतं. बायोसेल निघाली आणि काहीही त्रास नसला, तर ती केवळ भीतीपोटी काढू नयेत, असा अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेचा, सल्ला आहे. आम्हीही तेच सांगतो.

स्तन लहान करून घेतले असतील तर ऑपरेशन नोट फारच महत्त्वाची. त्या ऑपरेशनात स्तनाग्र एका देठावर जिवंत ठेवतात. त्या देठातून त्याला रक्त मिळतं. देठ खालून राखला आहे की वरून, हे बाहेरच्या व्रणावरून ओळखता येत नाही. दुसऱ्यांदा लहान करताना नेमका तोच देठ कापला गेला तर स्तनाग्र काळं पडून गळू शकतं. म्हणून नोट मिळाली नाही तर आम्ही मोठी कापाकापी करत नाही. लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, किंवा खालच्या बाजूची मर्यादित कपात, एवढंच सुचवतो. काहींना हा अतिसावधपणा वाटतो, पण गेलेलं स्तनाग्र जसंच्या तसं परत आणता येत नाही.

किती थांबायचं?

सहा आठवड्यांत दुरुस्ती मागू नका. सुरुवातीला सूज असते आणि इम्प्लान्ट वर चढलेलं दिसतं. ते खाली बसायला तीन ते सहा महिने लागतात. आकाराबद्दलचा निर्णय आम्ही सहा महिन्यांआधी घेत नाही आणि व्रणाची दुरुस्ती शक्यतो वर्षभराने करतो. तोवर सिलिकॉनची पट्टी रोज किमान बारा तास, असं दोन-तीन महिने लावली तरी बराच फरक पडतो.

मात्र पुढच्या तक्रारींत एक दिवसही थांबू नका: एक बाजू अचानक फुगून ताठरणं, ताप येऊन स्तन लाल होणं, टाक्यातून पू येणं किंवा इम्प्लान्ट दिसू लागणं, स्तनाग्र निळं-काळं पडणं. अशा वेळी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच आधी गाठा. आमच्याकडची तारीख मिळण्याची वाट पाहू नका. ऑपरेशनला वर्षं उलटल्यावर एक बाजू सुजली, तर सोनोग्राफी करून आतलं पाणी तपासायला पाठवावं लागतं. ते पाणी नुसतं काढून टाकून देऊ नये.

तक्रारीनुसार पर्याय

स्तन कडक होणं ही मोठी तक्रार. इम्प्लान्टभोवती शरीर आवरण तयार करतंच. ते आवळलं की त्रास सुरू होतो. त्याच्या चार श्रेणी मानतात. पहिल्या दोन श्रेणींना हात लावायची गरज नसते. तिसरीत आकार बिघडलेला दिसतो, चौथीत दुखतंही. तेव्हा आवरण पूर्ण किंवा काही अंशी काढून नवीन इम्प्लान्ट बसवतो आणि बहुतेकदा जागाही बदलतो, म्हणजे स्नायूवरून स्नायूखाली. जुनंच इम्प्लान्ट धुऊन परत बसवा, असा आग्रह होतो. तो आम्ही मान्य करत नाही, कारण त्यावर जिवाणूंचा पातळ थर असू शकतो आणि कडकपणा परत येण्याचं ते एक कारण मानलं जातं. नवीन बसवूनही तो परत येऊ शकतो, हे आधीच सांगून ठेवतो. बाहेरून हाताने दाबून आवरण फोडण्याची जुनी पद्धत कोणी सुचवली तर नकार द्या. त्यात इम्प्लान्ट फुटतं, आत रक्त साचतं.

इम्प्लान्ट खाली घसरलं असेल तर स्तनाग्र वर पाहू लागतं आणि स्तनाखालच्या घडीत लपलेला व्रण वर सरकून स्तनावर दिसू लागतो. घडी पुन्हा आतून पक्क्या टाक्यांनी बांधावी लागते, कधी जाळीचा आधारही द्यावा लागतो. अशा वेळी "आता जरा मोठंच बसवा" म्हणू नका. वजनानेच घडी सुटलेली असते. लहान इम्प्लान्ट घेतलं तर दुरुस्ती टिकण्याची शक्यता वाढते.

छातीचा स्नायू आवळताना स्तन हलत-ओढले जात असतील, तर इम्प्लान्ट स्नायूखालून वर आणता येतं. त्वचा पातळ असून सुरकुत्या दिसत असतील, तर पोटाची किंवा मांडीची चरबी भरतो. भरलेल्या चरबीतला काही भाग शरीर शोषून घेतं, म्हणून एकाहून जास्त बैठका लागू शकतात. न जगलेल्या चरबीची गाठ होऊ शकते, म्हणून मॅमोग्राफी आधी करून ठेवतो. पुढे गाठ लागली तर तुलना करता येते.

स्तनाग्र फार वर बसवलं गेलं असेल तर ती सगळ्यात अवघड दुरुस्ती. खाली आणलं तर जुन्या जागी व्रण राहतो आणि तो खोल गळ्याच्या कपड्यातून दिसतो. म्हणून आधी खालचा भाग आवळून काम भागतं का, ते पाहतो. बधिरपणा मात्र कोणत्याही दुरुस्तीने जात नाही. त्याला वर्षभर किंवा जास्तही वेळ द्यावा लागतो.

इम्प्लान्ट कायमची काढून टाकणं हाही पूर्ण पर्याय आहे. त्वचा ताणलेली असल्याने स्तन रिकामे, ओघळलेले दिसतात. आवळण्याचं ऑपरेशन त्याच वेळी करायचं की काही महिन्यांनी, हे त्वचेच्या रक्तपुरवठ्यावर ठरतं. "आवरणासकट अखंड काढा" ही मागणी आता वाढली आहे. लिम्फोमाचं निदान झालं असेल तर तसंच काढायला हवं. एरवी स्नायूखालचं पातळ आवरण बरगड्यांना चिकटलेलं असतं आणि ते खरवडताना फुफ्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते. म्हणून सरसकट तसं करत नाही.

भेटीला येताना

सिगारेट, तंबाखू, निकोटिनचा गम, सगळं ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी आणि नंतरही तितकेच दिवस बंद हवं. दुसऱ्या ऑपरेशनात त्वचेचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो. पहिल्या ऑपरेशनच्या आधीचे फोटो असतील तर आणा. फरक मुळातच होता की नंतर आला, ते त्यावरून कळतं. सिलिकॉन इम्प्लान्ट बसवून पाच-सहा वर्षं झाली असतील तर एमआरआय किंवा सोनोग्राफीचा रिपोर्टही लागेल, कारण सिलिकॉनचं इम्प्लान्ट फुटलं तरी पुष्कळदा बाहेरून काहीच कळत नाही.

आमच्याकडे इम्प्लान्ट बसवलं की स्टिकर आणि ऑपरेशन नोटची प्रत घरी जाताना हातात देतो. तुम्हाला उद्या दुसऱ्या सर्जनकडे जावंसं वाटलं तरी अडू नये. जुन्या रुग्णालयात अर्ज कसा करायचा हे माहीत नसेल, तर रिसेप्शनवर तयार मजकूर मागून घ्या. त्यात तुमचं नाव, ऑपरेशनची तारीख आणि केस नंबर भरला की झालं. तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर आम्हाला कळवा, आम्ही सर्जन ते सर्जन पत्र पाठवतो.