मुंबई–लंडन: अंतर एकच, मग जाण्यायेण्याचा वेळ वेगळा का?

अंतराचं गणित सोपं आहे. मुंबई ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर. हे पृथ्वीच्या गोलावरून मोजलेलं सर्वांत जवळचं अंतर आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते मिळत नाही. कुठे 3,890 दिसलं तर ते सागरी मैल समजा.

घोळ होतो तो वेळेत. 7,200 भागिले विमानाचा ताशी 900 किलोमीटर वेग, म्हणजे आठ तास, असं लोक बिनधास्त सांगतात. मग तिकिटावर जाताना दहाच्या आणि येताना नऊच्या आसपास तास दिसले, की ठरलेलं कारण पुढे येतं: पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना! कृपया हे सांगणं थांबवा. तसं असतं तर लंडन विमानाच्या दिशेने सरकत आलं असतं आणि जाण्याचा प्रवासच लवकर आटोपला असता. प्रत्यक्षात हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत उडतं.

खरं कारण वारा. 900 हा विमानाचा हवेतला वेग. जमिनीच्या हिशेबाने त्यात वारा मिळवायचा किंवा वजा करायचा. विमानं उडतात त्या 9 ते 12 किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्यांचे पट्टे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. (त्यांची दिशा ठरण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आहे, पण विमानाला अडवतो तो वाराच.) समजा, वाटेत सरासरी ताशी 60 किलोमीटरचा वारा आहे. जाताना वेग 840, वेळ 8 तास 34 मिनिटं. येताना 960, साडेसात तास. एक तासाहून जास्त फरक इथेच पडला. शिवाय जाताना 34 मिनिटं गेली, येताना 30च परत मिळाली. फिटंफाट होत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं. हिवाळ्यात हे प्रवाह जोरात असतात, तेव्हा फरक आणखी वाढतो. म्हणूनच वारा टाळायला किंवा पकडायला विमान मुद्दाम लांबची वाट धरतं: कापलेलं अंतर वाढतं, वेळ वाचतो.

बंद हवाई हद्दींचंही तसंच. 2022 मध्ये फिनलंडच्या विमानांना रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात गेला. दोन्ही विमानतळ होते तिथेच आहेत.

तिकिटावरचा कालावधी गेटपासून गेटपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे रांगेत सरकणं, हीथ्रोवर उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात धरलेलं. घड्याळातला फरक हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. वजाबाकी करताना तेवढं बघा.

अंतरावरून वेळ सांगणारी कॅल्क्युलेटरं मी तरी वापरू नका म्हणेन, त्यांतली बरीचशी वारा धरतच नाहीत. त्यापेक्षा फ्लाइटरडार24 या विमानांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळावर तोच फ्लाइट नंबर टाकून गेल्या आठवड्यातल्या प्रत्यक्ष वेळा बघा. जाण्याच्या आणि येण्याच्या वेगवेगळ्या बघा. पुढची कनेक्टिंग फ्लाइट वेगळ्या तिकिटावर असेल, तर त्यांतला सर्वांत उशिराचा दिवस धरून मधला वेळ ठेवा.