कागद मित्राचा, शब्द कवीचे

‘कवीनं मित्राला धाडलेलं पत्र मित्राचं झालं, घरच्यांनी ते खुशाल छापावं,’ हा समज जुना आहे. तसं वाटणं साहजिकच. निळं आंतर्देशीय आपल्या ट्रंकेत, वर पत्ता आपला, समासात आडवी घुसवलेली चार ओळींची कविताही आपल्यासाठीच.

पण इथे गोष्टी दोन आहेत. कागद मित्राचा: तो जपावा, विकावा, ग्रंथालयाला द्यावा. मजकूर मात्र लिहिणाऱ्याचा. कॉपीराइट कायदा, १९५७ उघडून कलम १७ पाहा: पहिला हक्क लेखकाचा. पत्र टपालात पडल्यानं तो सुटत नाही. दुसऱ्याच्या नावे करायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी लागतं.

मुदतीची गंमत तर वेगळीच. एरवी लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पण कवीच्या हयातीत न छापलेल्या पत्राची ६० वर्षं (कलम २४) ते प्रथम छापलं गेल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. त्यामुळे ‘कवी जाऊन सत्तर वर्षं झाली की!’ एवढ्यानं भागत नाही.

समीक्षेत दोन-चार ओळी द्यायला कलम ५२ ची मुभा आहे. अख्खं पत्र छापायचं तर कवीच्या वारसांना विचारायचं.