सिस्टिम फाइल चेकर

सिस्टिम फाइल चेकर : (एसएफसी). मायक्रोसॉफ्टच्या विंडोज या ऑपरेटिंग सिस्टिमसोबतच येणारे दुरुस्तीचे साधन. विंडोजच्या स्वतःच्या फाइली जशा असायला हव्यात तशा आहेत का, हे ते तपासते आणि बिघडलेल्या फाइलीच्या जागी चांगली प्रत ठेवते. त्याचे काम एवढेच. मशीन हँग होते, प्रिंटर बोलत नाही, स्टार्ट मेनू उघडत नाही, निळा पडदा येतो, या सगळ्याला आपण सरसकट ‘विंडोज करप्ट झाली’ म्हणतो. त्यातला थोडाच भाग या साधनाच्या हद्दीत येतो. ही हद्द माहीत नसल्यामुळे ‘याने काहीच होत नाही’ आणि ‘आधी हे चालवा’ असे दोन्ही सल्ले सारख्याच ठामपणे दिले जातात.

हे साधन आले विंडोज ९८ मध्ये (१९९८). त्यामागचे दुखणे त्या काळच्या प्रत्येक वापरकर्त्याच्या ओळखीचे होते. विंडोजमध्ये अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात अशा डीएलएल फाइली असतात. नवा प्रोग्रॅम टाकताना त्याचा इन्स्टॉलर त्यांच्या जागी स्वतःजवळच्या, कधी जुन्या, प्रती खुशाल ठेवून देई. नवा प्रोग्रॅम चाले आणि कालपर्यंत चालणारा बंद पडे. या गोंधळाला ‘डीएलएल हेल’ असे नाव पडले. विंडोज ९८ मधले साधन बदललेल्या फाइली दाखवून मूळ सीडीवरून परत आणून देई, पण बदल रोखत नसे. विंडोज २००० पासून ‘विंडोज फाइल प्रोटेक्शन’ ही पहारा देणारी व्यवस्था आली. संरक्षित फाइल बदलली की ही व्यवस्था गुपचूप ‘डीएलएलकॅश’ या फोल्डरातली प्रत जागेवर आणून ठेवी. तिथे प्रत नसेल तर सीडी मागितली जाई. ज्यांच्या लॅपटॉपसोबत सीडी मिळालेलीच नसे, त्यांची गाडी इथेच अडे.

विंडोज व्हिस्टापासून (२००७) रचना बदलली आणि आजही तीच चालू आहे. ‘विंडोज रिसोर्स प्रोटेक्शन’ या व्यवस्थेत सिस्टिम फाइलींची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या खात्याकडे गेली. अॅडमिनिस्ट्रेटरलाही त्या सहज बदलता येत नाहीत. मूळ प्रती ‘विनएसएक्सएस’ या फोल्डरात, म्हणजे कंपोनंट स्टोअरमध्ये, राहू लागल्या. इथे एक मेख आहे. सिस्टिम३२ या विंडोजच्या मुख्य फोल्डरातली फाइल आणि स्टोअरमधली फाइल या बहुतेक वेळा दोन वेगळ्या प्रती नसतात. हार्ड लिंकमुळे डिस्कवरच्या एकाच मजकुराला दोन ठिकाणी दोन नावे दिलेली असतात; घरात बंड्या आणि शाळेत अनंत, तसे. कोणी सिस्टिम३२ मधली फाइल उडवून तिथे दुसरीच ठेवली, तर स्टोअरमधली शाबूत राहते आणि एसएफसी ती परत आणू शकते. पण डिस्कच्या दोषाने मूळ मजकूरच खराब झाला, तर दोन्ही नावांमागची फाइल एकदमच बिघडते. मग एसएफसीपाशी द्यायला चांगली प्रतच उरत नाही.

चालवण्याची रीत सोपी आहे. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडायचा आणि एसएफसी, मोकळी जागा, तिरपी रेघ, स्कॅननाऊ असे रोमन लिपीत (sfc /scannow) टाइप करायचे. विंडोजचा तोंडवळा मराठी करून घेतला असला तरी आज्ञा रोमनमध्येच द्यावी लागते. नुसती तपासणी हवी असेल तर स्कॅननाऊऐवजी व्हेरिफायओन्ली. शेवटी येणारा संदेश नीट वाचावा. दोष आढळला नाही, किंवा आढळला आणि दुरुस्त झाला, हे दोन निकाल सरळ आहेत. दोष आढळला पण काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत, हा तिसरा निकाल आला की बहुतेक लोक तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देत बसतात. त्यापेक्षा विंडोज फोल्डरातल्या लॉग्ज, त्यातल्या सीबीएस फोल्डरातली नोंदवही उघडावी. तीत ‘एसआर’ अशी खूण असलेल्या ओळींत अडलेल्या फाइलीचे नाव सापडते.

तिसऱ्या निकालावरचा उपाय म्हणजे विंडोजमधलेच दुसरे साधन ‘डिप्लॉयमेंट इमेज सर्व्हिसिंग अँड मॅनेजमेंट’, अर्थात डीआयएसएम. त्याचा रिस्टोअरहेल्थ हा पर्याय विंडोज ८ पासून (२०१२) मिळतो. तो खुद्द कंपोनंट स्टोअर दुरुस्त करतो आणि त्यासाठी लागणाऱ्या फाइली एरवी विंडोज अपडेटकडून आणतो. म्हणून इंटरनेट लागते. ते नसेल तर त्याच आवृत्तीच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हमधली इमेज (विंडोजच्या फाइलींचा एकत्र गठ्ठा) त्याला दाखवता येते. टक्केवारीचा आकडा बराच वेळ एकाच जागी थिजतो, तेव्हा धीर सोडून खिडकी बंद करू नये. स्टोअर सुधारले की मग पुन्हा एसएफसी. क्रम असा का, याचे उत्तर वरच्या हार्ड लिंकमध्येच आहे. या दोन्हींच्याही आधी चेकडिस्क चालवून डिस्क तपासलेली बरी. फुटक्या माठात पाणी भरण्यात अर्थ नाही. तपासणीचा निकाल दर वेळी वेगळाच येत असेल, तर संशय रॅमवर घ्यावा.

तपासणारे साधनही चुकू शकते. जुलै २०१९ मध्ये विंडोज १० च्या अनेक वापरकर्त्यांना एसएफसी एकाएकी ‘दुरुस्त न होणारा दोष’ दाखवू लागली. विंडोजमधल्याच अँटिव्हायरसने, विंडोज डिफेंडरने, अपडेटमधून स्वतःच्या पॉवरशेल (आज्ञा देण्याचे साधन) मोड्यूलच्या फाइली बदलल्या होत्या आणि एसएफसी त्यांची तुलना जुन्या प्रतींशी करत होती. फाइली ठीक होत्या; जुनी होती ती मोजपट्टी. मायक्रोसॉफ्टने ही चूक मान्य केली.

एसएफसीची मर्यादा सर्वांत ठळकपणे दिसली ती १९ जुलै २०२४ रोजी. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या दिवशी एसएफसीचा उपयोग नव्हता, कारण विंडोजच्या सर्व फाइली ठणठणीत होत्या. दोषी फाइल दुसऱ्या कंपनीची होती आणि ती या साधनाच्या यादीतच नसते. सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टींसह सुरू होणारी विंडोज) किंवा रिकव्हरी एन्व्हायर्नमेंटमध्ये (दुरुस्तीसाठीची वेगळी, छोटी विंडोज) जाऊन ती एक फाइल हाताने काढणे, हा उपाय होता. ड्रायव्हर, अँटिव्हायरस, ऑफिसचे प्रोग्रॅम, वापरकर्त्याचे प्रोफाइल यांपैकी कशातही बिघाड असला, तरी तो एसएफसीला दिसेलच असे नाही.

विंडोज सुरूच होत नसेल तर रिकव्हरी एन्व्हायर्नमेंटमधल्या कमांड प्रॉम्प्टवरून एसएफसी ऑफलाइन चालवता येते. तेव्हा ऑफबूटडिर आणि ऑफविनडिर या पर्यायांनी बूटची जागा आणि विंडोजचे फोल्डर सांगावे लागते. तिथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. नेहमीची सी ड्राइव्ह डी म्हणून दिसते आणि आज्ञा भलत्याच ठिकाणी जाते. डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असेल तर ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की आधी शोधून ठेवावी.

हे सगळे करून भागले नाही, तर चालू विंडोजमधूनच सेटअप चालवून तीच विंडोज स्वतःवर पुन्हा बसवता येते. यात फाइली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. दुकानात मशीन नेले की पहिला प्रश्न मात्र ‘फॉरमॅट मारू का?’ हाच असतो. दुकानदाराचा वेळ त्यात वाचतो, गिऱ्हाइकाचे फोटो वाचतीलच असे नाही.